ट्रॉलीच्या पुढे कुणी जायचं नाही

“काका, आपण या तलावाच्या टोकापर्यंत एकदाही का गेलो नाही?”

गार्गीनं विचारलं आणि शेल्टरखालचे सगळे हात जागच्या जागी थांबले. हरीशकाकांचा थर्मासच्या झाकणावर, आईचा पोह्यांच्या डब्यावर, आणि कुशलचा, म्हणजे गार्गीच्या आठ वर्षांच्या भावाचा, कुणाचं लक्ष नाही असं बघून उचललेल्या कोथिंबीरवडीवर. प्रश्न तसा साधाच होता. पण सिंगापूरमधल्या पुंगोलच्या या तलावाकाठी चार वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणालाही तो पडला नव्हता. आणि गार्गीनं तर आजवर कुठलाच प्रश्न विचारला नव्हता. आईच्या मागे उभी राहणारी, काही विचारलं की ‘ओके’ म्हणणारी, डबा पुढे आला की एकच वडी उचलणारी मुलगी ती. निदान मागच्या महिन्यापर्यंत तरी तशीच होती.

हरीशकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. ग्रुप त्यांचा. त्याचं ‘चालते व्हा’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं, आणि त्या विनोदावर ते अजून दर खेपेला नव्यानं हसायचे. रिव्हिएरा स्टेशनाखाली सगळ्यांनी जमायचं, काकांनी गळ्यातली शिटी फुंकायची, मग गप्पा मारत तलावाच्या काठाकाठानं लाल पुलाअलीकडच्या शेल्टरपर्यंत यायचं आणि डबे उघडायचे. पोहे, वड्या, थालीपीठं, शिरा, दोन मोठे थर्मास भरून चहा. डब्यांचे तळ दिसायला लागले की आले तसे परत. संध्याकाळी फेसबुकवर फोटो, वर मथळा ‘आजची भटकंती’.

“टोकाला काय आहे बघण्यासारखं?” काका म्हणाले. “धरण आहे एक. सिमेंटचं.”

“धरणाच्या अलीकडे तलाव आहे आणि पलीकडे समुद्र,” गार्गी म्हणाली. “तोसुद्धा अरुंद, कालव्यासारखा. त्यातून जहाजं जातात. मी मॅपवर बघितलंय.”

“बघितलंस ना? झालं तर मग,” बाबा म्हणाले आणि सगळे हसले.

खरं तर हा प्रश्न गार्गीचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींचा, फराह आणि मेई टिंगचा होता. शुक्रवारी शाळेच्या कॅन्टीनमध्ये गार्गीनं ‘चालते व्हा’ची हकिकत सांगितली तेव्हा दोघी टेबलावर डोकं टेकून हसल्या होत्या. “हे वॉकिंग नाहीच, लाह,” फराह तिच्या सिंगापुरी हेलात म्हणाली होती. “ही तुमची फिरती कॅन्टीन आहे.”

आणि बोलणं तिथं न थांबता मिस लिमवर गेलं होतं. मिस लिम म्हणजे आउटडोअर क्लबच्या टीचर. जूनच्या कॅम्पमध्ये सेकंडरी वनच्या, म्हणजे सातवीतल्या, बारा मुलांची लीडर होशील का, असं त्यांनी गार्गीला विचारलं होतं आणि उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्यांनी विचारलं त्याला कारण होतं. मागच्याच महिन्यात शाळेतल्या चढाईच्या भिंतीवर गार्गी अगदी वरच्या घंटेपर्यंत पोचली होती, आणि ती घंटा बडवताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून खाली दोर धरून उभा असलेला अख्खा वर्ग दचकला होता. सगळ्यात जास्त दचकली होती ती गार्गी स्वतः. एवढा मोठा आवाज आपल्यात होता कुठे? तेव्हापासून तो आवाज तिच्याबरोबरच राहायला आला होता. वर्गात, बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत. फक्त काका-काकू मंडळींसमोर आला की तो चपला बाहेर काढून, हळूच भिंतीच्या कडेनं आत यायचा.

मिस लिमना ती म्हणाली होती, “घरी विचारते.” ही अर्धी थाप होती. विचारायला हवंच होतं, कारण जून म्हणजे पुणे, यावर त्यांच्या घरात चर्चासुद्धा व्हायची नाही. आईनं तर न्यायच्या वस्तूंची बॅग आत्तापासून पलंगाखाली उघडून ठेवली होती. पण खरी अडचण वेगळी होती. बारा मुलं आपल्या मागून येतील कशाला? कुणी मागेच राहिलं तर? कुणी तोंडावर हसलं तर?

“तुझ्या त्या अंकल-आंटी गँगला एकदा शेवटपर्यंत नेऊन दाखव,” फराह म्हणाली होती. “त्यांना नेलंस तर सेक वन म्हणजे काहीच नाही.”

“आधी नुसतं विचारून तर दाखवू दे तिला,” मेई टिंग म्हणाली होती. “सगळ्यांसमोर. डेअर यू.”

तर आता विचारून झालं होतं. पैज जिंकली होती. खाली बसून एक वडी घ्यायला काहीच हरकत नव्हती.

“पुढे सावली नाही अजिबात,” बाबा सांगत होते.

“सायकलवाले अंगावर येतात,” आई म्हणाली.

“आणि मुख्य म्हणजे,” हरीशकाकांनी आवाज जरा खाली आणला, “आपल्या सरोजिनीकाकूंचे गुडघे.”

यावर सगळ्यांच्या माना हलल्या. सरोजिनीकाकू ग्रुपमध्ये वयानं सगळ्यात मोठ्या. साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून त्या दर वेळी सगळ्यांच्या शेवटी शेल्टरला पोचायच्या. आत्ताही बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुशलनं, आपण पकडले गेलो असं वाटून, हातातली वडी त्यांच्या हातात ठेवली. काकूंचं बोलणं वडीत गेलं.

आणि नेमकं तेच गार्गीला कुठेतरी टोचलं. तिनं आईच्या ट्रॉलीकडे बघितलं. दोन चाकांची, निळ्या चौकड्यांच्या पिशवीची ही ट्रॉली एरवी सेंगकांगच्या मार्केटातून भाजी आणायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या घरांचे डबे वाहायची. पोह्यांचा डबा आईच्या हातात होता, पण अजून उघडला नव्हता. गार्गीनं तो अलगद काढून घेतला, ट्रॉलीत ठेवला, थर्मास ठेवले, वर थालीपीठं ठेवली आणि पिशवीची चेन ओढली.

“अगं काय करतेस?”

“नाश्ता जहाजांपाशी,” गार्गी म्हणाली. आवाज भिंतीवरच्या घंटेइतका मोठा नव्हता, पण चपला घालूनच बाहेर आला होता. “आज टोकापर्यंत जायचं.”

आणि ती निघाली.

ट्रॉलीची चाकं फरशीच्या सांध्यांवर खडखडत होती. मागे वळून बघायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि लगेच बघितलं. कुशल पळत येत होता. त्याच्यामागे बाबा, चहाचा रिकामा कप हातात तसाच. मग आई, “हिला आज झालंय काय” असं कुणालातरी विचारत. मग एकेक करत सगळे. शेवटी शेल्टरखाली एकटे हरीशकाका उरले होते. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, शिटी फुंकली, जणू हे सगळं त्यांच्याच सांगण्यावरून चाललंय, आणि तेही निघाले.

गार्गीला हसू आवरेना. चार वर्षं सगळे हरीशकाकांच्या मागून चालतात असं तिला वाटायचं. मंडळी पोह्यांच्या मागून चालत होती.

लाल पूल ओलांडला आणि सगळं नवंच सुरू झालं. या बाजूला तलाव रुंद होता. काठाला उंच लव्हाळी, त्यात बगळे, आणि पाण्यावर एकही लाट नाही. एक चिनी आजोबा तीन गळ टाकून, छत्रीच्या सावलीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी आधी ट्रॉली बघितली, मग तिच्यामागची वरात बघितली आणि अंगठा वर केला. मागून सायकलची घंटी वाजली तर आई “ए, डावीकडे, डावीकडे” असं ओरडत सगळ्यांना रांगेत ढकलायला लागली. वारा सुटला होता. रस्ता सपाट, गुळगुळीत, तीन चाकी सायकलवरचं बाळसुद्धा जाईल असा. आणि याला सगळे चार वर्षं घाबरत होते. गार्गीचे पाय आपोआप भरभर पडायला लागले. ट्रॉली तिच्यामागे नाचत होती. फराहला काय काय सांगायचं याची वाक्यं तिच्या डोक्यात जुळत होती.

“गार्गी,” मागून आईचा आवाज आला, “अगं, सरोजिनीकाकू कुठायत?”

गार्गी थांबली. बाबा आणि हरीशकाका ट्रॉलीला अगदी चिकटून होते. बाकीचे रस्ताभर विखुरलेले, दोघे इथे, तिघे तिथे. आणि वळणापर्यंत नजर गेली तरी पांढरे शूज कुठेच नव्हते.

“मी सांगितलं होतं,” हरीशकाका म्हणाले. रागानं नाही, पण म्हणाले. “पुढे राहणं सोपं असतं गार्गी. मागचं कोण बघणार?”

फराहसाठी जुळवलेली सगळी वाक्यं गार्गीच्या डोक्यातून एकदम गळून पडली. कुणी मागे राहिलं तर, याच भीतीनं तिनं मिस लिमना उत्तर दिलं नव्हतं. आणि इथे तर पहिल्याच खेपेला तिनं कुणालातरी मागे टाकलं होतं, तेही सगळ्यात मोठ्या माणसाला, आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

“मी बघून येते,” ती म्हणाली आणि वळली. ट्रॉलीसकट.

“अगं, ट्रॉली ठेव की इथे,” बाबा म्हणाले.

“ठेवली तर परत आल्यावर तिच्यात काय असेल?”



सरोजिनीकाकू वळणामागे काठाला उभ्या होत्या. बसलेल्या नव्हत्या, उभ्या होत्या, आणि पाण्याकडे बघत होत्या. गार्गी धापा टाकत पोचली तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खाली दगडांवर पाणमांजरांचं अख्खं कुटुंब आलं होतं. मोठी दोन, पिल्लं चार. एक पिल्लू मासा तोंडात धरून पळत होतं आणि बाकीची तीन त्याच्या मागे लागली होती.

“आपलं मंडळ आहे बघ,” काकू हळूच म्हणाल्या. “ज्याच्याकडे डबा, त्याच्यामागे सगळे.”

गार्गी हसली आणि मग तिला रडूच यायला लागलं. “सॉरी काकू. मी फार जोरात गेले. तुमचे गुडघे—”

“माझ्या गुडघ्यांचं काय?”

“दुखतात ना.”

“दुखतात. पण कशानं ते कुणी विचारलंय का कधी?” काकूंनी पदर खोचला. “अगं, बसलं की दुखतात. त्या बाकावर तासभर बसवतात मला, आणि उठताना जीव जातो. चालताना काहीसुद्धा होत नाही. हळू चालते, एवढंच. मला सांग, चार वर्षं माझ्या गुडघ्यांच्या नावावर पोहे कोण खातंय?”

“मग तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“पहिल्यांदा सांगायला गेले तर कुणीतरी खुर्ची आणून दिली. दुसऱ्यांदा गेले तर उशी. एवढी माया करतात सगळे, मग बोलायचं कसं?” काकू हसल्या. “आणि आज वडी.”

त्यावर गार्गी इतक्या जोरात हसली की पाणमांजरं सुळकन पाण्यात गेली. मग तिथेच, कशी कुणास ठाऊक, ती काकूंना सगळं सांगून बसली. मिस लिम, कॅम्प, बारा मुलं, सोमवार, आणि पलंगाखालची पुण्याची बॅग. काकू ऐकत होत्या आणि चालत होत्या. हळू, पण न थांबता.

“कॅम्प कधी संपतो?”

“जूनच्या पहिल्या आठवड्यात. पण आई-बाबा त्याआधीच निघणार.”

“मग राहा की आमच्याकडे. आमच्या ह्यांना, तुझ्या मनोहरकाकांना, कॅरम खेळायला कुणी मिळत नाही. मी हरवते म्हणून माझ्याशी खेळत नाहीत.” काकू थोड्या थांबल्या. “पण ते पुढचं. आधी तुला जायचंय का, ते ठरव. बाकीच्यांची समजूत नंतर काढता येते.”

गार्गी काकूंच्या शेजारून चालत होती. शेजारून चालायचं तर पावलं आवरावी लागत होती, आणि आवरली की लव्हाळीतले बगळे एकेक करून नीट दिसत होते. तेवढ्यात तिला सुचलं. इतकं सरळ होतं की आधी का सुचलं नाही याचाच राग आला. तिनं ट्रॉलीचा दांडा काकूंच्या हातात दिला.

“काकू, ही तुम्ही न्यायची.”

“मी?”

“टेकायलाही होईल. आणि...” गार्गीला पुन्हा हसू यायला लागलं. “डबे तुमच्याकडे असले तर तुमच्या पुढे कोण जाणार?”

दोघी बाकीच्यांपाशी पोचल्या तेव्हा सगळे जमून उभे होते, काळजीनं आणि भुकेनं. काकूंच्या हातात ट्रॉली बघून आई पुढे धावली. “अहो काकू, द्या इकडे, तुमचे गुडघे—”

“अनघा,” काकू म्हणाल्या, “गुडघे माझे आहेत. मला वापरू दे.”

आईनं पुढे केलेला हात मागे घेतला. गार्गी बाजूच्या दगडावर चढली. समोर बाबा, आई, काका, काकू, सगळे. ज्यांच्यासमोर ती आजवर ‘ओके’ एवढंच म्हणाली होती. आवाज आला. भिंतीवरचाच, अस्सल.

“आता नियम एकच. ट्रॉलीच्या पुढे कुणी जायचं नाही. ट्रॉली सरोजिनीकाकूंची. त्या थांबल्या तर सगळ्यांनी थांबायचं, पण त्यांना बसवायचं नाही. खुर्ची नाही, उशी नाही.”

“आणि वडी नाही,” काकू म्हणाल्या.

“मग मी काय करायचं?” हरीशकाकांनी विचारलं. त्यांचा हात शिटीवर होता आणि चेहरा वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा.

गार्गी दगडावरून उतरली. “काका, तुम्ही मघाशी विचारलंत ना, मागचं कोण बघणार? तुम्ही बघाल? सगळ्यांच्या शेवटी राहायचं आणि कुणी मागे पडलं की शिटी फुंकायची. मला ते जमलं नाही.”

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. “शेवटी राहायचं तर शिस्त लागते,” ते म्हणाले. “सगळ्यांना नाही जमत.” आणि छाती काढून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

मग जी रांग निघाली, ती फेसबुकवर टाकण्यासारखी होती. पुढे सरोजिनीकाकू, पदर खोचलेला, दांड्यावर भार टाकून आपल्या चालीनं. त्यांच्यामागे दोन पावलं सोडून अख्खं ‘चालते व्हा’. घाई करून उपयोगच नव्हता, त्यामुळे कुणी घाई करेना. बाबांनी फोन खिशात घातला आणि कितीतरी दिवसांनी आईशी ऑफिस सोडून कशावर तरी बोलायला लागले. कुशलनं स्वतःला ट्रॉलीचा पोलीस नेमून टाकलं. मधूनच मागून शिटी वाजायची आणि हरीशकाकांचा आवाज यायचा, “फोटो नंतर, आधी चाल.” एकदा तर त्यांनी रांगेशी काहीही संबंध नसलेल्या एका जॉगरलासुद्धा शिटी मारून पुढे घेतलं.

आणि मग झाडी संपली, रस्ता जरासा वर चढला आणि वारा एकदम खारट झाला.

धरण सिमेंटचंच होतं. काका खोटं बोलले नव्हते. पण त्याच्या डाव्या हाताला तलाव होता, इस्त्री केल्यासारखा, आणि उजव्या हाताला हिरवं, हलतं, वाहतं पाणी. पलीकडचा काठ इतका जवळ की तिथली झाडं दिसत होती. आणि त्या दोन काठांच्या मधून, अगदी समोरून, वाळूचा डोंगर लादलेला एक तराफा चालला होता. घरापेक्षा मोठा. त्याला ओढत होती एक छोटीशी लाल टगबोट, नाकानं पाणी फोडत, धूर सोडत. तिच्यामागे लांबवर एक खरंखुरं जहाज, निळं, पोटाशी गंजलेलं.

कुणाला पोहेही आठवले नाहीत.

सरोजिनीकाकूंनी ट्रॉली सोडली आणि कठड्यापाशी गेल्या. “बाई गं,” त्या एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी हात वर केला आणि हलवला, लहान मुलं आगगाडीला हलवतात तसा. टगबोटीवर नारिंगी टोपीतला एक माणूस दोर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली, बघितलं, टोपी काढली आणि ती डोक्यावर गरगर फिरवली. मग कुशल ओरडायला लागला, मग आई हात हलवायला लागली, मग सगळेच. हरीशकाकांनी सगळा दम पणाला लावून शिटी वाजवली. टगबोटीनं भोंगा दिला, एकच, पण पोटात घुमेल असा.

“चार वर्षं,” हरीशकाका म्हणाले. “आपण त्या बाकावर काय करत होतो?”

“खात होतो,” बाबा म्हणाले.

पोहे गार झाले होते आणि थालीपीठं वातड. सगळ्यांनी कठड्याशी उभ्यानंच खाल्लं, काकूंसाठी, आणि डबे पुसून काढले. गार्गीनं फोटो काढून पाठवला. धरण, जहाज आणि समोर ओळीनं उभं ‘चालते व्हा’, सगळ्यांची तोंडं भरलेली. फराहचं उत्तर लगेच आलं. ‘वा, ऑल ऑफ देम. कॅन आलरेडी.’ म्हणजे, जमलं की तुला. त्याच्याखाली मेई टिंगचं: ‘सोमवारी मिस लिमना काय सांगणार?’

गार्गीनं फोन खिशात टाकला. निळं जहाज आता अगदी समोर आलं होतं आणि काकू त्यालाही हात हलवत होत्या. आई-बाबा कठड्याला टेकून चहाचा एक कप दोघांत पीत होते.

“काय गं,” आईनं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, “आज झालं होतं काय तुला?”

“आज नाही, केव्हाचंच होतंय,” गार्गी म्हणाली. “आई, बाबा, ऐका ना. विचारत नाहीये, सांगतेय. जूनमध्ये शाळेचा कॅम्प आहे आणि मी त्यात सेक वनच्या बारा मुलांची लीडर होणार आहे. उद्या मिस लिमना हो म्हणून सांगणार. तुम्ही दोघं आणि कुशल ठरल्याप्रमाणे पुण्याला जा. कॅम्प होईपर्यंत मी सरोजिनीकाकूंकडे राहीन. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते.”